एक दशांश मिलिमीटरचा हिशेब

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडलं की औषधांच्या दुकानांच्या रांगेत एखादं तरी डायग्नोस्टिक सेंटर दिसतंच. तिथल्या तपासण्यांच्या 'पॅकेज'मध्ये आता साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि टूडी इकोच्या जोडीला बऱ्याचदा मानेचं डॉपलरही असतं. रिपोर्टात एक ओळ येते: दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड रोहिणीची 'आयएमटी' ०.८ किंवा ०.९ मिलिमीटर. ज्याला दहा वर्षं शुगर आहे, असा माणूस तो कागद घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जातो आणि विचारतो, "हे वाढलंय का? म्हणजे हार्टचं काही आहे का?" या साध्या प्रश्नावर गेली चाळीस वर्षं जगभर संशोधन चाललं आहे, आणि त्याचं उत्तर मधल्या काळात दोनदा तरी बदललं आहे.

आधी हे मोजतात काय ते पाहू. रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. रक्ताला लागून असलेला पातळ अंतःस्तर, त्यामागे स्नायुपेशींचा मधला थर आणि सर्वांत बाहेर आधार देणारं आवरण. इटलीत मिलानमध्ये पिग्नोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर ही भिंत दोन समांतर रेषांसारखी दिसते, आणि त्या रेषांमधलं अंतर हे पहिल्या दोन थरांच्या एकत्रित जाडीशी, म्हणजेच 'आयएमटी'शी, जुळतं. शवविच्छेदनातल्या नमुन्यांशी ताडून त्यांनी हे १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. हृदयाच्या रोहिण्या खोल असतात आणि सतत हलत असतात. मानेतली कॅरोटिड त्वचेखाली दोन-तीन सेंटिमीटरवर असते, सुई लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. शरीरभरच्या रोहिण्यांत काय चाललंय ते पाहायला एक खिडकी मिळाली, असं तेव्हा वाटलं तर नवल नाही.

मोठमोठ्या पाहण्यांनी ती आशा खरी ठरवली. अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'एरिक' अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या सुमारे सोळा हजार लोकांच्या माना तपासल्या गेल्या. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या एका उपनगरातल्या रहिवाशांचा पाठपुरावा झाला. २००७ मध्ये लोरेन्झ आणि सहकाऱ्यांनी असे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला: जाडी ०.१ मिलिमीटरने जास्त असेल, तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका १० ते १५ टक्के आणि पक्षाघाताचा १३ ते १८ टक्के अधिक.

या हिशेबात मधुमेह कुठे बसतो? २००६ मधल्या एका स्वीडिश आढाव्यानुसार टाइप टू मधुमेह असलेल्यांच्या कॅरोटिडची भिंत इतरांपेक्षा सरासरी ०.१३ मिलिमीटरने जाड असते. निरोगी माणसाची भिंत वयानुसार वर्षाला साधारण एक शतांश मिलिमीटरने वाढते. म्हणजे पन्नाशीतल्या मधुमेह्याच्या रोहिण्या साठी ओलांडलेल्या माणसाच्या असाव्यात तशा. आपल्याकडचा आकडा आणखी बोलका आहे. डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने चेन्नईतल्या दोन वस्त्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००० साली आले. मधुमेह असलेल्यांची सरासरी जाडी ०.९५ मिलिमीटर, नसलेल्यांची ०.७४. हे हॉस्पिटलात आलेले आजारी लोक नव्हते, गल्लीत राहणारे होते, म्हणून त्या फरकाचं वजन जास्त.

भिंत जाड होण्यामागे एकटी साखर नसते. रक्तातली जादा साखर कोलॅजेनला चिकटते आणि भिंत ताठर होते, हे खरं. पण इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की ट्रायग्लिसराइड वाढतं, एचडीएल घटतं, एलडीएलचे कण बारीक आणि दाट होतात, ते अंतःस्तरात सहज शिरतात. शिवाय मधुमेह्यांत बीपी जास्त असण्याचं प्रमाण मोठं, आणि बीपीमुळे मधला स्नायुथर फुगतो. अल्ट्रासाउंडला अंतःस्तर वेगळा आणि मधला थर वेगळा असं दाखवता येत नाही. त्यामुळे ०.९ हा आकडा चरबी साचल्याने आला की वर्षानुवर्षं बीपी अंगावर काढल्याने, ते रिपोर्टावरून कळत नाही. रिपोर्ट वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

महाराष्ट्राने या विषयात घातलेली भर पुण्याची आहे, आणि ती जगाने दखल घ्यावी अशी आहे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक दशकं एकच गोष्ट चिवटपणे दाखवत आले आहेत: आपला माणूस वजनकाट्यावर सडपातळ दिसतो, पण आतून तसा नसतो. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वैद्यकीय नियतकालिकांत इतका मिश्कील आणि इतका झोंबणारा पुरावा क्वचितच छापला जातो.

याच विभागाने १९८७ ते १९८९ या काळात केईएममध्ये जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. आठव्या वर्षी त्यांची साखर आणि इन्सुलिन मोजलं. एकविसाव्या वर्षी पुन्हा बोलावलं, तेव्हा साडेतीनशेहून अधिक जण आले, आणि या वेळी कॅरोटिडची जाडीही मोजली. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. आठव्या वर्षी ज्यांचं उपाशीपोटी ग्लुकोज आणि इन्सुलिन तुलनेने वरच्या बाजूला होतं, त्यांची एकविसाव्या वर्षी साखर, बीपी आणि रक्तातली चरबी तर वाढलेली होतीच, पण रोहिणीची भिंतही जाड होती. मूल लठ्ठ होतं की नाही, याचा हिशेब वजा करूनही हे नातं टिकलं. ही मुलं मधुमेही नव्हती. त्यांची साखर कुठल्याही लॅबने लाल रंगात छापली नसती. म्हणजे पन्नाशीत 'शुगर निघाली' असं आपण म्हणतो, तेव्हा रोहिणीचा इतिहास चाळीस वर्षांचा झालेला असतो. या एका निष्कर्षासाठी तरी आयएमटी नावाच्या मोजमापाचे आभार मानायला हवेत. तिशीआधी झटके क्वचितच येतात, त्यामुळे तरुणांत झटके मोजून काही कळलं नसतं. जाडी मोजता आली म्हणून कळलं.

इथवर गोष्ट सरळ आहे. गुंता सुरू होतो तो समूहाचं सत्य एका माणसाच्या कागदावर उतरवताना.

कॅनडातल्या हॅमिल्टन, टोरांटो आणि एडमंटन या शहरांत सोनिया आनंद आणि सलीम युसुफ यांच्या गटाने दक्षिण आशियाई, चिनी आणि युरोपीय वंशाच्या लोकांची तुलना केली. ती २००० साली प्रसिद्ध झाली. कॅरोटिडची जाडी युरोपीयांत ०.७५ मिलिमीटर, दक्षिण आशियाईंत ०.७२, चिनी लोकांत ०.६९. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार मात्र दक्षिण आशियाईंत ११ टक्के, युरोपीयांत ५ आणि चिनींत २. आपली भिंत गोऱ्यांपेक्षा किंचित पातळ, आणि विकार दुपटीहून जास्त! प्रत्येक वंशात जाड भिंतीच्या लोकांना धोका जास्त होता, यात बदल नाही. पण युरोपीय तक्त्यात बसवून 'नॉर्मल' ठरवलेला आकडा आपल्या माणसाला खोटा दिलासा देऊ शकतो. त्यातही ०.९ ची रेषा आपल्याकडे आली ती युरोपीय बीपीच्या मार्गदर्शक तत्त्वांतून, आणि ती वय विचारत नाही. सत्तरीतल्या आजोबांना ०.८ म्हणजे उत्तम, पस्तिशीतल्या आयटीवाल्याला ०.८ म्हणजे धोक्याची सूचना. अनेक रिपोर्टांत दोघांपुढेही 'विदिन नॉर्मल लिमिट्स' असंच लिहिलेलं असतं.

दुसरा प्रश्न अधिक नेमका होता. डॉक्टरला वय, लिंग, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि मधुमेह एवढं आधीच माहीत असतं. त्यात जाडीची भर घातली, तर अंदाज किती सुधारतो? २०१२ मध्ये डेन राउटर आणि सहकाऱ्यांनी चौदा अभ्यासांतल्या ४५ हजारांहून अधिक लोकांची मूळ माहिती एकत्र करून हे तपासलं. योग्य गटात नव्याने टाकल्या गेलेल्यांचं निव्वळ प्रमाण निघालं ०.८ टक्के. पुढच्याच वर्षी त्यांनी फक्त मधुमेह असलेल्यांचा वेगळा हिशेब केला. तिथेही पदरात काही पडलं नाही. कारण उघड आहे. ज्या गोष्टी भिंत जाड करतात, त्याच आधी मोजलेल्या असतात. जाडी ही त्यांची नक्कल निघाली.

मार्गदर्शक तत्त्वंही त्याप्रमाणे फिरली. अमेरिकन हृदयरोग संस्थांनी २०१० मध्ये मध्यम धोक्याच्या लोकांत ही तपासणी 'करायला हरकत नाही' असं म्हटलं होतं. २०१३ मध्ये त्याच संस्थांनी ती नेहमीच्या वापरासाठी नको असं सांगितलं. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०१९ च्या मधुमेहाविषयीच्या शिफारशींत धोका ठरवण्यासाठी आयएमटी मोजू नये असं स्पष्ट लिहिलं. ज्या विषयात तज्ज्ञ सहसा 'विचार करता येईल' असं गुळमुळीत लिहितात, तिथे ही भाषा बरीच कडक आहे. आपल्या पॅकेजांपर्यंत ती अजून पोचलेली दिसत नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे दरवर्षी डॉपलर काढून 'गेल्या वर्षी ०.८२ होतं, यंदा ०.८७ झालं' अशी तुलना करणं. भिंत वर्षाला सुमारे ०.०१ मिलिमीटरने वाढते. यंत्राची भेदक्षमता, प्रोब धरायचा कोन, ठोक्याची कुठली अवस्था पकडली, दोन फाट्यांच्या आधीचा नेमका कुठला सेंटिमीटर मोजला, आणि मोजणारा तोच होता की दुसरा, या सगळ्यांतून येणारा फरक त्याच्या कितीतरी पट असतो. शिंप्याच्या टेपने केसाची जाडी मोजायला बसण्यासारखं आहे हे. संशोधनात हजारो लोकांची सरासरी घेतल्याने चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एका माणसाच्या बाबतीत तसं होत नाही. म्हणूनच २०१२ मध्ये लोरेन्झ यांच्याच गटाने सुमारे ३७ हजार लोकांची माहिती चाळली, तेव्हा एका व्यक्तीत जाडी किती वाढली आणि पुढे झटका आला का, यांत नातं सापडलं नाही. तीन वर्षांनी मधुमेह्यांतही तेच आढळलं.

औषधांच्या कहाण्या तर अधिकच सावध करणाऱ्या आहेत. एझेटिमाइब या गोळीची २००८ मधली 'एनहान्स' चाचणी आठवा. एलडीएल चांगलं उतरलं, पण कॅरोटिडची जाडी हलली नाही. वृत्तपत्रांत गोळी निकामी ठरली. मग २०१५ मध्ये १८ हजार रुग्णांवरच्या 'इम्प्रूव्ह-इट' चाचणीत त्याच गोळीने झटके आणि पक्षाघात खरोखर कमी केले. फायदा छोटा होता, पण मधुमेह असलेल्यांत तो सर्वांत ठळक होता. उलट मधुमेहावरच्या रोझिग्लिटाझोनने भिंतीची वाढ मंदावते असं काही अभ्यासांत दिसलं होतं, आणि २००७ मध्ये याच औषधाने झटके वाढत असल्याचा संशय पुढे आला. भारतात २०१० मध्ये त्यावर बंदी आली. पुढे त्या संशयाचं वजन कमी झालं आणि अमेरिकेने निर्बंध सैल केले, तरी भिंतीवरून माणसाचं भविष्य सांगता येत नाही एवढं सर्वांना कळलं.

तरी हे पारडं पूर्ण एका बाजूला कललेलं नाही. २०२० मध्ये विलाइट आणि सहकाऱ्यांनी ११९ चाचण्यांतल्या एक लाख रुग्णांची माहिती एकत्र केली. ज्या उपचारांनी भिंतीची वाढ जितकी मंदावली, तितके झटके कमी, असं नातं त्यात निघालं. नवं औषध तपासताना गटाची सरासरी जाडी हा उपयोगी निर्देशक ठरू शकतो. पण गट म्हणजे गट. त्यातून घाटकोपरच्या एका काकांच्या कागदावरच्या आकड्याला अर्थ येत नाही.

सोनोग्राफीवाला डॉक्टर त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट पाहतो, तिचं महत्त्व मात्र टिकून आहे. ती म्हणजे प्लाक. भिंत सगळीकडून सारखी जाड होणं वेगळं आणि एका जागी उंचवटा येऊन तो पोकळीत घुसणं वेगळं. जर्मनीत मानहाइम इथे ठरलेल्या व्याख्येनुसार उंचवटा अर्धा मिलिमीटर, किंवा आजूबाजूच्या भिंतीच्या निम्म्याने जास्त, किंवा एकूण दीड मिलिमीटरहून जाड असेल तर तो प्लाक. हा खऱ्या अर्थाने साचलेल्या चरबीचा पुरावा आहे. तुमच्या हाती रिपोर्ट असेलच, तर आयएमटीच्या आकड्याआधी प्लाकची ओळ वाचा. हृदयाच्या रोहिण्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन याहूनही पक्का अंदाज देतो, पण त्यात किरणोत्सर्ग आहे आणि खर्चही जास्त.

आपल्याकडे या तपासणीला एक वेगळीच मर्यादा आहे, परदेशी शोधनिबंधांत तिचा उल्लेखही सापडणार नाही. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे १९८८ मध्ये पहिलं राज्य ठरलं, आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी सक्तीची आहे. मान बघायची असली तरी. त्यामुळे मधुमेहतज्ज्ञाने आपल्या दवाखान्यात हातात मावणारा प्रोब ठेवून रुग्णाची रोहिणी तिथल्या तिथे पाहावी, असं युरोपातल्यासारखं इथे सहज होत नाही. रुग्ण सेंटरवर जातो, तिथे वेगळाच डॉक्टर पाहतो, आणि मूळ डॉक्टरच्या हाती चित्र न येता एक ओळ येते. कायद्यामागचं कारण महाराष्ट्राला चांगलंच ठाऊक आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण गमावतो ते चित्रच, आणि या तपासणीचा सर्वांत चांगला उपयोग चित्राचाच आहे.

स्वीडनच्या उत्तरेकडच्या व्हेस्टरबॉटन प्रांतात साडेतीन हजार लोकांवर झालेला प्रयोग याबाबत मनोरंजक आहे. सर्वांची कॅरोटिड तपासली. निम्म्यांना, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही, प्रत्यक्ष चित्र आणि 'तुमच्या रोहिणीचं वय' रंगांत दाखवलं, उरलेल्यांना नाही. वर्षाने चित्र पाहिलेल्यांचा एकूण धोका कमी झालेला होता. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीबद्दल 'एकदा सुरू केली की बंद करता येत नाही' किंवा 'गोळ्यांनी लिव्हर जातं' हे सोसायटीच्या बाकावर ऐकलेलं ज्ञान डॉक्टरच्या दहा मिनिटांच्या भाषणाने जात नाही. स्वतःच्या रोहिणीतला उंचवटा डोळ्यांनी पाहिल्यावर जाण्याची शक्यता आहे.

कारण खरा फरक पाडणारी गोष्ट ही गोळी घेण्या-न घेण्याची आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 'कार्ड्स' चाचणीत टाइप टू मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार नसलेल्या लोकांना रोज अवघी १० मिलिग्रॅम अॅटोर्वास्टॅटिन दिली. झटके-पक्षाघातांसारख्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या आणि चाचणी ठरल्या वेळेआधी दोन वर्षं थांबवावी लागली. ते साल २००४. डेन्मार्कच्या स्टेनो केंद्रात अवघे १६० रुग्ण होते, सर्वांच्या लघवीत अल्ब्युमिन जात होतं. निम्म्यांची साखर, बीपी, चरबी, तंबाखू, आहार या सगळ्यांकडे एकाच वेळी कसून लक्ष दिलं. आठ वर्षांत हृदयाच्या घटना निम्म्यावर आल्या, आणि एकवीस वर्षांनी पाहिलं तर त्या गटाचं आयुष्य जवळजवळ आठ वर्षांनी जास्त निघालं. यातल्या कशासाठीही मानेची जाडी लागली नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते, डॉपलरच्या मानाने स्वस्त असते, आणि मधुमेह्याच्या रक्तवाहिन्यांचं पुढचं चित्र ती फार चांगलं सांगते. तरी लोक तिचा आग्रह धरत नाहीत. डॉपलरचा धरतात. यंत्राचा मोह, दुसरं काय!

मुंबईत हा प्रश्न किती माणसांचा आहे? महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातल्या १८ टक्के लोकांची उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त निघाली. ३४ टक्क्यांना बीपी. मीठ माणशी दिवसाला ८.६ ग्रॅम, शिफारस ५ ची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे चालणारी गर्दी पाहून उपनगरं आरोग्याबाबत जागी झाल्याचा भास होतो, पण तिथे चालायला येणारे बहुतेक निवृत्त असतात. सकाळी सव्वासातची लोकल पकडून रात्री साडेनऊला घरी येणारा, दहानंतर पोटभर जेवणारा पस्तिशीचा माणूस तिथे दिसत नाही. आणि दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकी जगात ५९ व्या, हे 'इंटरहार्ट' अभ्यासाने २००७ मध्येच सांगितलंय.

खरी अडचण या पस्तिशीतल्या माणसाची आहे. चाळिशी उलटलेल्या मधुमेह्याला स्टॅटिन द्यावी, याबद्दल आता फारसा वाद नाही. त्याची मान मोजून निर्णय बदलत नाही, म्हणून मोजू नये. पण बत्तिसाव्या वर्षी शुगर निघालेल्या, बारीक अंगाच्या, 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसाबाबत तत्त्वं मोघम आहेत. इतर धोके असतील तर विचार करा, एवढंच ती सांगतात. अशा वेळी कॅरोटिडमध्ये एक प्लाक दिसला, तर डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही निर्णय बदलू शकतो, आणि तिथे ही तपासणी एकदा करण्यात मला गैर वाटत नाही. फक्त एकदा, प्लाक शोधायला, आणि रिपोर्टासोबत चित्रही मागून. प्लाक नसला तर 'नॉर्मल' म्हणून सुटका करून घ्यायची नाही, हे आधीच ठरवून.

जाडीने अंदाजात फार भर पडत नाही हे ज्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं, ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांवरचे आहेत. आपल्या तरुण मधुमेह्यांना तेच लागू पडतं की नाही, हे त्यांच्यावरून ठरत नाही. पुण्याच्या केईएममध्ये १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेली ती मुलं आता चाळिशीला टेकली आहेत. त्यांची आठव्या वर्षीची साखर नोंदलेली आहे आणि एकविसाव्या वर्षीची जाडीही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्यापैकी कुणाला झटका येतो आणि कुणाला नाही, हे नीट नोंदलं गेलं तर बोरिवलीतल्या त्या बत्तीस वर्षांच्या माणसाला उत्तर इथलं मिळेल, रॉटरडॅमचं नाही.